निरोपाची अमानत

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा सारांश)



आपण जमलो आहोत त्या भागाचे नावच मुळी शीव, म्हणजे हद्द. सतराव्या शतकात इंग्रजांची मुंबई येथे संपे आणि पलीकडे पोर्तुगीजांची साष्टी सुरू होई. म्हणूनच येथल्या टेकडीवर किल्ला उभा राहिला. येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवणे हे त्याचे काम.

कचेरीतील संगणकांच्या जाळ्यालाही अशीच शीव असते. बाहेरून आलेली ई-मेल तेथे तपासली जाते. परंतु आपली मुले कचेरीच्या संगणकावर स्वतःचे व्हॉट्सअॅप उघडतात, तेव्हा त्यातली फाइल बंद पाकिटातून येते. पहारेकऱ्याला पाकीट दिसते, आतला मजकूर दिसत नाही. आणि फाइल थेट कचेरीच्या यंत्रात उतरते.

मित्राने पाठवले म्हणजे धोका नाही, असे आपण समजतो. एप्रिल २००५ मध्ये ‘केल्विर’ नावाच्या संगणकी किड्याने याच विश्वासाचा फायदा घेतला. ओळखीच्या माणसाच्या नावाने लिंक येई. ती उघडली की यादीतल्या इतरांनाही तसाच निरोप आपोआप जाई. रॉयटर्ससारख्या जगप्रसिद्ध वृत्तसंस्थेला त्यापायी आपली संदेशसेवा काही काळ बंद ठेवावी लागली.

हे झाले आत येणाऱ्याचे. बाहेर जाणाऱ्याचे संकट त्याहून मोठे. काही नामांकित कंपन्यांचे तिमाही आकडे जाहीर होण्याआधीच व्हॉट्सअॅपच्या खासगी गटांत फिरल्याचे २०१७ मध्ये उघड झाले. येथून जवळच, वांद्रे-कुर्ला संकुलात मुख्यालय असलेल्या सेबीने झडत्या घेतल्या, फोन ताब्यात घेतले आणि २०२० साली काही जणांना दंड केला. पण निरोप मुळात कोणाकडून निघाला याचा माग लागला नाही आणि २०२१ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ते दंड रद्द केले. सुटलेला निरोप परत तर येत नाहीच, पण तो कोठून सुटला हेही पुष्कळदा कळत नाही.

माझ्या परिचयातल्या एका तरुणाची ती पहिलीच नोकरी. उरलेले काम घरी पुरे करावे म्हणून ग्राहकांची यादी तो स्वतःच्या फोनवर पाठवायला गेला. बोट चुकले आणि यादी नातेवाइकांच्या गटात गेली. घाबरून तो दोन दिवस गप्प राहिला. नीयत साफ होती, तरी नोकरी गेली.

पालकहो, दुसऱ्याची ठेव ही अमानत, हे आपण मुलांना लहानपणापासून शिकवतो. ग्राहकाचे नाव, रुग्णाचा अहवाल, कंपनीचा हिशेब हीदेखील अमानतच आहे. विद्यार्थी मित्रांनो, उद्या नोकरीला लागाल तेव्हा कामाचे बोलणे कचेरीने दिलेल्या साधनावरच करा. खासगी गप्पा आपल्या फोनवर, आपल्याच जोडणीवर ठेवा. अनपेक्षित लिंक आली तर आधी पाठवणाऱ्याला फोन करून विचारा. नोकरी सोडताना कामाच्या गटांतून बाहेर पडा. आणि चूक झालीच, तर त्याच घटकेला वरिष्ठांना सांगा. लपवण्यात गेलेला वेळ चुकीपेक्षा महाग पडतो.

किल्ल्याच्या भिंती कितीही उंच असल्या, तरी दरवाजा आतल्या माणसाच्याच हाती असतो. तो हात जबाबदार असावा, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.