जुन्या गाडीचे मागचे ब्रेक
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



ज्या कामात आयुष्य गेलं त्यावर दहा मिनिटं बोल, असा संयोजकांचा हुकूम आहे. माझं आयुष्य सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, गाड्यांच्या ब्रेकपायी गेलं. म्हणून आपल्याच बॅचमधल्या एका मित्राचा प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो. त्याच्याकडे 1960 च्या दशकातली एमजीबी आहे, उघड्या टपाची, दोन माणसांची ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम. तो म्हणाला, "मागेही डिस्क बसवून दे. रविवारी नातीला घेऊन कसारा घाट उतरतो, तेव्हा धाकधूक होते."

नात शेजारी बसणार म्हटल्यावर उत्तर विचार करूनच द्यायला हवं.

ड्रममध्ये चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला आतून दोन शू दाबतात. डिस्कमध्ये उघड्या चकतीला कॅलिपर दोन्ही बाजूंनी पॅडच्या चिमटीत धरतो. ड्रम तापला की फुगतो, शूपासून दूर जातो आणि पेडल खाली जातं. चकतीला वारा लागतो, ती लवकर निवते. 1953 साली ल मांच्या 24 तासांच्या शर्यतीत जॅग्वारच्या सी-टाइप गाड्या डिस्क ब्रेक लावून पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या आल्या, तेव्हापासून डिस्कचा दबदबा वाढला.

मग एमजीबीच्या मागे ड्रमच का? याचं उत्तर सरांनी आपल्याला विज्ञानाच्या तासाला दिलं होतं: जडत्व. बसने करकचून ब्रेक मारला की उभी माणसं पुढे झुकतात, तसा गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो आणि मागची चाकं हलकी होतात. जोराच्या ब्रेकमध्ये दोन तृतीयांशाहून जास्त काम पुढची चाकं करतात. हलक्या झालेल्या मागच्या चाकांना जास्त ब्रेक दिला, तर ती आधी लॉक होतात आणि गाडी गिरकी घेते. पावसाळ्यात घाटाच्या वळणावर याचा अर्थ काय, हे नाशिककरांना सांगायला नको. 1973 साली याच घराण्यातल्या जीटी गाडीत 137 अश्वशक्तीचं आठ सिलिंडरचं इंजिन आलं, तरी मागे ड्रमच राहिले.

आता घाटाचा हिशेब. इगतपुरीहून कसाऱ्याला उतरताना सुमारे 300 मीटर उंची कमी होते. माणसांसकट एक टन वजन धरलं, तर ही उतरणीची ऊर्जा ताशी 80 किलोमीटरवरून गाडी बारा वेळा थांबवण्याइतकी भरते. ती सगळी ब्रेकवर सोडली, तर कुठलाही ब्रेक तापेल. म्हणून जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनाला वाटा उचलू दिला की ब्रेक थंड राहतात.

तरीही मागे डिस्क हवेच असतील, तर नुसते कॅलिपर लावून भागत नाही. कॅलिपरला शूच्या सिलिंडरपेक्षा जास्त ऑइल लागतं, म्हणून मास्टर सिलिंडर त्या मापाचा हवा. ड्रमसाठी पाइपात थोडा दाब राखणारी झडप असेल, तर ती काढावी लागते, नाहीतर पॅड चकतीला घासत राहतात. मागचा दाब कमी ठेवणारी झडप बसवावी लागते. हँडब्रेकची सोय वेगळी करावी लागते. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचनेतल्या बदलांवर बंधनं घालतं. 50 वर्षांहून जुन्या गाडीला 2021 च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी मिळते, तीही गाडी मूळ रूपात असेल तरच. तेव्हा पाना हातात घेण्याआधी आरटीओला आणि विमा कंपनीला विचारावं.

मित्राला मी सांगितलं, आधी आहेत ते ब्रेक बघू. ड्रम उघडले. डाव्या बाजूचा व्हील सिलिंडर गळत होता आणि लायनिंग ऑइलने भिजलं होतं. रबरी होज पाइप आतून फुगले होते. ब्रेक ऑइल चहासारखं काळपट. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, पाण्याने त्याचा उत्कलनबिंदू उतरतो आणि नेमकं घाटात ते उकळून पेडल मऊ पडतं. त्याची धाकधूक खरी होती. दोष मात्र ड्रमच्या जातीचा नव्हता. सिलिंडर, होज, शू बदलले, ड्रम लेथवर टर्न केले, पुढचे पॅड नवे घातले, ऑइल पूर्ण बदललं. आता गाडी सरळ रेषेत थांबते. मागचे डिस्क त्याने मनातून काढून टाकलेत.

तुमच्यापैकी कुणाकडे वडिलांची फिएट असेल, कुणाकडे जुनी जीप. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवू देऊ नका, ओल्या फडक्याने पुसायला सांगा. आणि नवा भाग विकत घेण्याआधी जुना एकदा उघडून बघा.

सरांनी तेव्हा जडत्व शिकवलं म्हणून आज हे बोलता आलं.