रुग्णशय्येवरील उपासमार

रुग्णालयांत रोगी दाखल झाला कीं त्याचा ताप मोजतात, नाडी पाहतात, रक्त तपासतात. परंतु गेल्या तीन महिन्यांत त्याचें वजन किती घटलें आणि काल ताटांतलें किती अन्न पोटांत गेलें, हे दोन प्रश्न पुष्कळदां विचारलेच जात नाहींत. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीं शुश्रूषेवरील आपल्या पुस्तकांत हें गाऱ्हाणें १८५९ सालींच मांडलें होतें.

१९३६ सालीं क्लीव्हलंडचे शस्त्रवैद्य हायरम स्टडली ह्यांनीं जठरव्रणाच्या रोग्यांचा हिशेब केला. शस्त्रक्रियेपूर्वीं ज्यांचें वजन पांचव्या हिश्श्याहून अधिक घटलें होतें, त्यांच्यापैकीं सुमारें एक तृतीयांश दगावले. इतरांत हें प्रमाण शेंकडा ३.५ होतें. तरीहि १९९४ सालीं स्कॉटलंडमधील डंडी येथें नव्यानें दाखल झालेले ५०० रोगी तपासले, तेव्हां २०० कुपोषित निघाले. आणि त्यांतील निम्म्याहून अधिकांच्या कागदपत्रांत आहाराविषयीं अक्षरहि नव्हतें.

ही उपासमार कोणी हेतुपुरस्सर करीत नाहीं. तपासणीसाठीं सकाळीं उपाशी ठेवलेल्या रोग्याची पाळी दुपारीं येते, तोंवर स्वयंपाकघर बंद झालेलें असतें. कोणाच्या तोंडांत फोड, कोणाची कवळी घरीं राहिलेली, कोणाचा हात ताटापर्यंत पोहोंचत नाहीं. नोकर भरलेलें ताट उचलून नेतो. त्याची नोंद कोठेंच होत नाहीं.

ओळखण्याची रीत मात्र सोपी आहे. २००३ सालीं ब्रिटनमध्यें तयार झालेल्या तक्त्यांत तीनच गोष्टी पाहतात: उंचीच्या मानानें वजन, गेल्या तीन ते सहा महिन्यांत आपोआप झालेली घट, आणि तीव्र आजारामुळें पांच दिवसांहून अधिक काळ अन्न बंद पडण्याचा संभव. वजनांत शेंकडा दहाहून अधिक घट, एवढी एकच खूण धोक्याची ठरते. आंकडा ठाऊक नसला तर सैल झालेली अंगठी किंवा कोपराकडे सरकणाऱ्या बांगड्याहि साक्ष देतात. नव्वद किलोचा गृहस्थ आजारांत ऐंशीवर आला तर घरचे समाधान मानतात; इकडे त्याचे स्नायू झिजत असतात.

उपचार म्हणजे नळीनें किंवा शिरेंतून दिलेलें अन्न, हा समज बरोबर नाहीं. स्वित्झर्लंडमधील आठ रुग्णालयांत दोन हजारांहून अधिक रोग्यांवर झालेला प्रयोग २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. निम्म्या रोग्यांना आहारतज्ज्ञांनीं ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणें उष्मांक व प्रथिनें ठरवून दिलीं, तींहि बहुतेकांना तोंडानेंच. बाकींच्यांना रुग्णालयाचें नित्याचें जेवण. तीस दिवसांत पहिल्या गटांतील शेंकडा ७ दगावले, दुसऱ्यांतील १०. एखाद्या नव्या औषधानें एवढें साधलें असतें तर केवढा गाजावाजा झाला असता!

श्रोत्यांच्या घरून रुग्णालयांत डबा जातो तो मायेनें जातो, पण त्यांत बहुधा साबुदाण्याची पेज असते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिनें नांवापुरतीं. डॉक्टरांची मनाई नसेल तेथें मुगाचें घट्ट वरण, दूध, दहीं, अंडें ह्यांना डब्यांत जागा हवी.

मात्र अनेक दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम भरपूर खाऊं घालणें घातक असतें. रक्तांतील फॉस्फेट झपाट्यानें उतरतें व हृदयाची गति बिघडूं शकते. म्हणून डॉक्टर अशा रोग्याला आधीं ब-१ जीवनसत्त्व देतात, अन्न थोड्या प्रमाणांत सुरू करून कांहीं दिवसांत वाढवितात, आणि त्या अवधींत रक्त वारंवार तपासतात.