नवी लीग कोणाच्या बळावर टिकेल?



२०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकेत अमेरिकन फुटबॉलची आणखी एक व्यावसायिक लीग मैदानात उतरली. ‘युनायटेड फुटबॉल लीग’ हे तिचे नाव. हा फुटबॉल आपल्याकडील पायांनी खेळण्याचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हाती घेऊन, अंगावर चिलखतासारखा पोशाख चढवून, एकमेकांना भिडत खेळण्याचा तो खेळ आहे. १९२० साली स्थापन झालेल्या ‘नॅशनल फुटबॉल लीग’ची त्या खेळावर जवळजवळ मक्तेदारी आहे. अशा थोरल्या लीगच्या सावलीत धाकटी लीग जगेल काय, हा प्रश्न तेथे दर काही वर्षांनी नव्याने विचारला जातो.

अमरावती-अकोल्याच्या कार्यकर्त्याने या प्रश्नात लक्ष का घालावे, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर वऱ्हाडातच आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत कबड्डी, खो-खो, कुस्ती यांच्या लीग भारतात निघाल्या. २०२५ मध्ये विदर्भ क्रिकेट संघटनेने नागपूरजवळ जामठा येथे विदर्भ प्रो टी-२० लीग भरवली. अमरावतीचा जितेश शर्मा आयपीएलच्या लिलावात ११ कोटी रुपयांना घेतला गेला, ही वार्ता दर्यापूर-अकोटपर्यंत पोचली आहे. कोरडवाहू कपाशीवर ज्यांचे भागत नाही अशा घरांतील मुले-मुली आता लीगकडे पोटापाण्याचे साधन म्हणून पाहू लागली आहेत. रोजगार म्हटला की तो किती काळ टिकेल आणि त्याची मालकी कोणाची, हे दोन प्रश्न समाजवाद्याला विचारावेच लागतात.

प्रथम अमेरिकेचा अनुभव पाहावा. थोरल्या लीगला आव्हान देऊन यशस्वी झालेली अर्वाचीन काळातील लीग एकच, ती म्हणजे १९६० साली सुरू झालेली ‘अमेरिकन फुटबॉल लीग’. तिच्या आठ संघांनी दूरचित्रवाणीच्या हक्कांचा करार एकत्रितपणे केला आणि त्याचे उत्पन्न सर्वांनी सारखे वाटून घेतले. १९६४ मध्ये एनबीसी कंपनीशी झालेला पाच वर्षांचा करार ३ कोटी ६० लाख डॉलरांचा होता. या बळावर दुबळे संघही तगले. अखेर १९६६ साली थोरल्या लीगला तिच्याशी तह करावा लागला आणि १९७० मध्ये दोन्ही एक झाल्या. भांडवलदारांनी काढलेली ही लीग तगली ती आपसांतील वाटणीच्या तत्त्वामुळे, हा विरोधाभास लक्षात ठेवण्याजोगा आहे.

याच्या उलट १९८३ साली निघालेल्या ‘युनायटेड स्टेट्स फुटबॉल लीग’ची कथा आहे. थोरल्या लीगचा हंगाम शरदातला, म्हणून तिने वसंत ऋतू निवडला. हा विचार शहाणपणाचा होता. परंतु मालकांना संयम राहिला नाही. नामांकित खेळाडूंसाठी त्यांनी परस्परांवर चढाओढीने बोली लावली, एका वर्षात संघ बारांवरून अठरांवर नेले आणि शेवटी शरदातच थोरल्या लीगशी टक्कर घेण्याचा निर्णय केला. मक्तेदारीविरुद्धचा खटला त्यांनी १९८६ मध्ये जिंकला खरा. पण पंचांनी नुकसानभरपाई ठरवली एक डॉलर. कायद्याप्रमाणे तिची तिप्पट होऊन तीन डॉलर झाले. लीग तेथेच संपली.

त्यानंतर २००१ ची ‘एक्सएफएल’ एका हंगामात आटोपली. २०१९ ची ‘अलायन्स ऑफ अमेरिकन फुटबॉल’ आठ आठवड्यांत, हंगाम अर्धवट टाकून बंद पडली आणि तिचे दिवाळे निघाले. मुख्य धनिकाने हात आखडता घेतला तेव्हा संघांना स्वतःचे म्हणावे असे उत्पन्न नव्हते, आणि काही खेळाडूंवर पदरमोड करून घरी परतण्याची पाळी आली. २०२४ ची नवी लीग म्हणजे अशाच दोन अडखळत्या लीगचे विलीनीकरण होय. दूरचित्रवाणी कंपनीच तिच्या मालकांपैकी एक असल्याने तिला प्रक्षेपणाची वाट सापडली आहे. मात्र कंपनीचा हिशेब बदलला की तिचे भवितव्यही बदलेल.

आता भारताकडे वळू. २०१२ मध्ये याच अमेरिकन फुटबॉलची ‘एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’ निघाली. पुणे मराठाज, मुंबई ग्लॅडिएटर्स अशी संघांना भारदस्त नावे होती आणि अमेरिकेतील नामवंतांचा पैसा पाठीशी होता. परंतु ज्या देशातील कोणत्याही शाळेच्या पटांगणावर तो खेळ खेळला जात नव्हता, तेथे ती रुजली नाही. दोनच वर्षांनी, २०१४ साली, आठ संघांची प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि २०१७ पर्यंत संघ बारा झाले. पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली राकेश कुमारवर लागली ती १२ लाख ८० हजारांची. २०२३ मध्ये पवन सेहरावतला २ कोटी ६० लाखांहून अधिक रक्कम मिळाली.

हा फरक केवळ जाहिरातीचा नाही. कबड्डीचे व्याकरण प्रेक्षकाला शिकवावे लागले नाही. ते काम शतकभर आखाड्यांनी, व्यायामशाळांनी आणि गावोगावच्या क्रीडा मंडळांनी फुकट करून ठेवले होते. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापन केले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखवली. त्या मेहनतीचे मोल कोणत्याही लीगच्या ताळेबंदात दिसत नाही.

वऱ्हाडच्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नसावी. कपाशी येथली, मोल ठरायचे मुंबईला नि मँचेस्टरला. खेळाडूही आता तसाच कच्चा माल होऊ पाहत आहे. प्रो कबड्डीत महाराष्ट्राचे संघ पुण्या-मुंबईचे. २०१७ मध्ये बंगळूर संघाचे ‘घरचे’ सामने नागपूरच्या मानकापूर क्रीडासंकुलात झाले. म्हणजे घर कोठेही थाटता येते, प्रेक्षक हा भाड्याचा असला तरी चालतो, असाच त्याचा अर्थ. २०१६ साली प्रो कबड्डीसोबत स्त्रियांची तीन संघांची स्पर्धा घेण्यात आली. ती एकदाच झाली. पुढे २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात प्रियांका इंगळे या महाराष्ट्रकन्येच्या नेतृत्वाखाली भारतीय स्त्रियांनी विजेतेपद पटकावले. स्त्रियांचा खेळ कमी पडतो असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही.

कामगाराच्या दृष्टीने पाहिले तर प्रश्न अधिक गंभीर होतो. अकोल्याची सावतराम मिल बंद पडली तेव्हा कामगार देशोधडीला लागला. तरी भविष्यनिर्वाह निधी मागण्याचा, ग्रॅच्युइटीसाठी भांडण्याचा हक्क त्याच्यापाशी होता. ग्रॅच्युइटीचा १९७२ चा कायदा सर्वसाधारणपणे पाच वर्षांची सलग नोकरी मागत असे. लीगच्या खेळाडूचा करार मात्र हंगामाचा. गुडघा निकामी झाला किंवा लीग गुंडाळली गेली, तर त्याने दाद कोणाकडे मागावी?

याला पर्याय नाही असे नाही. थोरल्या लीगमधील ग्रीन बे पॅकर्स हा एका लहानशा गावाचा संघ १९२३ पासून लोकांच्या मालकीचा आहे. पाच लाखांहून अधिक भागधारक, लाभांश शून्य, आणि कोणा एकाच्या हाती सत्ता जाऊ नये म्हणून भागांवर मर्यादा. थोरली लीग इतर कोणत्याही संघाला आज ही रचना करू देत नाही, यातच तिचे मर्म आले. इकडे २०२२ च्या अल्टिमेट खो-खो लीगमध्ये ओडिशाचा संघ त्या राज्याच्या सरकारी क्रीडा कंपनीने उभा केला आणि पहिल्याच वर्षी त्याने अजिंक्यपद मिळवले.

मग वऱ्हाडात खो-खो व कबड्डीची सहकारी लीग का होऊ नये? अमरावती ते अकोला हे अंतर साधारण शंभर किलोमीटरचे. अचलपूर, दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, बाळापूर यांचे संघ सकाळी निघून सामना खेळून रात्री घरी परततील. अमेरिकन लीगना बुडवणारा विमान-हॉटेलांचा खर्चच येथे उद्भवत नाही. कपाशीची वेचणी आटोपल्यानंतर आणि ऊन तापण्यापूर्वीचा काळ हंगामासाठी निवडता येईल. अट एवढीच की पाया आधी आणि झगमगाट नंतर. उत्पन्नाची वाटणी सर्व संघांत सारखी असावी. मानधनाला वरची मर्यादा असावी, तशी खालचीही असावी. स्त्रियांचे संघ पहिल्या दिवसापासून असावेत. हंगामाचे संपूर्ण मानधन आणि विम्याचा हप्ता पहिल्या सामन्यापूर्वीच जिल्हा सहकारी बँकेत जमा असावा. आणि भाग एकाच्या नावावर कितीही असोत, मत एकच असावे.

सहकाराचे नाव घेऊन सत्ता काही घराण्यांच्या हाती कशी जाते, हे महाराष्ट्राने साखर कारखान्यांत पाहिले आहे. ‘पुन्हा तेच होईल’ हा आक्षेप म्हणूनच रास्त आहे. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे खेळाडूंची स्वतंत्र संघटना आणि व्यवस्थापन मंडळात तिचे निवडून आलेले प्रतिनिधी. ही संघटना बांधणे हे क्रीडाप्रेमी श्रीमंतांचे काम नाही. ते पक्षाच्या कार्यकर्त्यांचे आहे.

तेव्हा नवी धाकटी लीग यशस्वी होईल काय? थोरलीची नक्कल करून, उसन्या पैशावर आणि एका धनिकाच्या मर्जीवर उभी राहिली, तर अनुभव सांगतो की बहुधा होणार नाही. जेथे खेळ आधीच रुजलेला आहे, खर्च आटोक्यात आहे आणि मालकी खेळणाऱ्या-पाहणाऱ्यांची आहे, तेथे ती टिकू शकते. येत्या हंगामापूर्वी प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील खो-खो व कबड्डीची चालू मैदाने, मंडळे आणि खेळणाऱ्या मुला-मुलींची यादी तयार करावी. लीगचे भांडवल मोजायला तेथूनच सुरुवात होईल.