घरकुलाची वाट विधान भवनातून

वर्धा शहर कुठे संपते आणि पिपरी मेघे कुठे सुरू होते, हे नवख्याला उमगत नाही. २०११च्या जनगणनेने पिपरीची नोंद 'जनगणना शहर' अशी केली. गावगाडा मात्र ग्रामपंचायतच हाकते.

श्रोतेहो, प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशातील घरकुलाला १ लाख २० हजार रुपये मिळतात. पण ज्याच्याकडे जागाच नाही, त्याने भिंत उभारायची कुठे? शहरालगत जमिनीचे भाव चढतात, तसा हा प्रश्न टोकदार होतो. जागा घेण्यासाठी राज्याने पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने अर्थसाहाय्य योजना आणली, ती याच अडचणीवर.

जमीन हा राज्याचा विषय. म्हणूनच घराचा लढा विधिमंडळापर्यंत जातो.

मुंबईत समाजवादी नेत्या मृणाल गोरे आणि त्यांचे सहकारी बाबुराव सामंत यांनी नागरी निवारा परिषदेतर्फे घरांसाठी असाच लढा दिला. शहरातील मर्यादेपेक्षा जास्त मोकळी जमीन सरकारकडे घेणाऱ्या १९७६च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्याचा आधार घेऊन त्यांनी मोर्चे, पाठपुरावा आणि न्यायालयीन लढाई केली. त्यातून गोरेगावच्या दिंडोशीत अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांसाठी सुमारे सहा हजार घरे उभी राहिली. २००७मध्ये राज्याने तो कायदा मोडीत काढला.

पिपरीकरांना मुंबई दूर. पण हिवाळी अधिवेशन भरते शेजारच्या नागपुरात. तिथे आमदार तारांकित प्रश्न विचारतात, लक्षवेधी सूचना मांडतात, अशासकीय विधेयकही आणू शकतात. नागरिकांसाठी विधिमंडळाची विनंती अर्ज समिती आहे. अर्जाला ग्रामसभेचा ठराव आणि बेघरांची नेमकी यादी जोडली, तर आमदाराच्या हाती भक्कम कागद पडतो.