बरडीवरची वस्ती

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला वीस मिनिटं दिली आहेत. उभं आयुष्य बँकेत गेलं, त्यामुळे वेळेचा ओव्हरड्राफ्ट घेणार नाही, एवढी हमी देतो.

विषय दिलाय 'आपली वस्ती : काल, आज, उद्या'. सुरुवात जमिनीपासून करू. आपल्या झाडीपट्टीत धानाच्या जमिनीला जुनी नावं आहेत. कन्हार, मोरांड, सिहार, खर्डी आणि अगदी शेवटी बरडी. कन्हार म्हणजे काळी, पाणी धरून ठेवणारी. बरडी म्हणजे वर मुरूम, खाली मुरूम. पाणी पडलं की गेलं. धानाची बांधी मोडून शहाणा माणूस घर बांधत नाही. म्हणून आपल्या वाट्याला ही बरडी आली आणि म्हणूनच आपल्या पगारात ती परवडली. त्या वेळी गावातले एक बुजुर्ग मला म्हणाले होते, "साहेब, तिथं बकरी चरत नाई, अन् तुमी संसार करता?" पोरांनी तर लेआउटचं नावच 'राजस्थान' ठेवलं होतं. मे महिन्यात दुपारी सावलीला एक झाड नव्हतं, तेव्हा नाव काही चुकीचं नव्हतं.

तो काळ आठवा. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाला आणि आपला भंडारा जिल्हा लहान झाला. तिकडे गोसीखुर्दचं काम चालू होतं. राजीव गांधींनी २२ एप्रिल १९८८ ला त्याची पायाभरणी केली होती आणि वैनगंगेकाठची गावं एकेक करून उठत होती. त्याच सुमारास आपल्या संस्थेची नोंदणी झाली. सभासद कोण? गुरुजी, एसटीतले ड्रायव्हर-कंडक्टर, दवाखान्यातल्या नर्सबाई, तलाठी, आम्ही बँकवाले, आणि धरणात शेत गेल्यावर मोबदल्याच्या पैशातून प्लॉट घेणारी दोन-चार कुटुंबं.

इथे एक गोष्ट तरुणांनी नीट ऐकावी. आपल्या जुन्या गावांत घर कुठल्या टोलीत आहे, यावरून माणसाची जात कळते. लेआउट पडला तेव्हा काही जणांनी सुचवलं की आपापले लोक जवळजवळ राहू, सोयीचं पडेल. सभेत बरीच गरमागरमी झाली. शेवटी ठरलं की चिठ्ठ्या टाकायच्या. एका लहान पोरीच्या हातून डब्यातल्या चिठ्ठ्या काढल्या आणि निघेल त्या नंबरचा प्लॉट ज्याचा त्याला. त्यामुळे कुणबी, तेली, कोहळी, ढिवर, बौद्ध, गोंड, मुसलमान अशी घरं एकमेकांना भिंत लावून उभी राहिली. सहकारी गृहनिर्माणाची सुरुवात आपल्या राज्यात १९१५ साली मुंबईत गावदेवीला झाली, सारस्वत सोसायटीपासून. रावबहादूर तळमकी त्यामागे होते. काम फार मोठं, पण ती एका समाजाने आपल्या लोकांसाठी केलेली सोय होती. आपण पुढचा धडा गिरवला, तोही अड्याळसारख्या गावात. मला याचा अभिमान वाटतो.

पहिल्या उन्हाळ्यात एकच बोअर होतं आणि तेही दमादमाने चालायचं. घरटी दोन गुंड, असा नियम झाला. नंबराची यादी बोअरजवळच्या भिंतीवर खडूने लिहिली जायची. ज्या घरी आजारी माणूस किंवा बाळंतीण, त्या घराचा नंबर आधी. साहेब असो की शिपाई, गुंड रांगेतच. आपल्या वस्तीचा स्वभाव त्या रांगेत घडला. सहकार कायद्यात 'एक सभासद, एक मत' असं लिहिलेलं आहे. आपण ते मत द्यायच्या आधी पाणी भरताना शिकलो.

खरं म्हणजे आपल्या मुलखाला हे नवीन नाही. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात, पण हे तलाव निसर्गाने दिलेले नाहीत. गोंड राजांच्या काळात, जो जंगल तोडून तलाव बांधील त्याला त्याखालची जमीन मिळायची. कोहळी मंडळींनी उतार पाहून पाळी घातल्या आणि धान-ऊस पिकवला. नवेगाव बांधाचं श्रेय लोक आजही कोलू पाटील कोहळी यांना देतात. पाळीची डागडुजी, उन्हाळ्यात गाळ काढून बांधीत टाकणं, तुडुम उघडून पाणी पाळीपाळीने सोडणं, हे सगळं गाव मिळून करायचं.

यात सगळं सोनं होतं असं मी म्हणत नाही. मालगुजाराचा शब्द शेवटचा असायचा, वेठ होती, पाण्यात मानपान होता. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, ते बरंच झालं. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो. मात्र तलाव सरकारजमा झाले आणि पाळ कोणाची, गाळ कोणी काढायचा, हे कोणालाच नीट कळेना. तलाव गाळाने भरत गेले. मालक गेला, पण त्याच्या जागी 'आपण सगळे' उभे राहिलो नाही.

मंडळी, आपल्या वस्तीतही तेच घडतंय. आता घरोघरी बोअर आहे. रांग गेली, भांडणं गेली, चांगलं झालं. पण सामाईक विहीर मे महिन्यात तळ दाखवते, बोअर दर काही वर्षांनी आणखी खोल न्यावं लागतं, आणि दोन वर्षांपासून टँकर येतोय. खऱ्या राजस्थानात, जैसलमेरला, वर्षाला दोनशे मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही. तरी तिथल्या लोकांनी चौदाव्या शतकातल्या गडीसर तलावावर शतकानुशतकं तहान भागवली. आपल्याकडे पाऊस सुमारे तेराशे मिलिमीटर. एवढा पाऊस पडून आपण टँकर बोलावतो, तेव्हा पोरांनी ठेवलेलं ते नाव जैसलमेरवाल्यांना अपमानाचं वाटेल.

आता थोडा हिशेब, सवयच आहे. हजार चौरस फूट स्लॅब म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. त्यावर तेराशे मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लाख वीस हजार लिटर. वीस टक्के वाया गेलं धरा, तरी ९६ हजार लिटर. पाच हजार लिटरच्या टँकरने मोजलं तर एकोणीस टँकर, एका घराचे! आपली घरं किती ते तुम्हाला ठाऊक आहे. गुणाकार घरी जाऊन करा. हे सगळं पाणी आज पाइपातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून नाल्यात जातं.

म्हणूनच पुढच्या वार्षिक सभेतल्या एका विषयावर बोलतो. मधली मोकळी जागा काँक्रीट करून लग्न-समारंभासाठी भाड्याने द्यावी, असा प्रस्ताव आहे. ज्यांनी तो मांडला, त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. रस्ते, दिवे, कंपाउंडची भिंत, सगळ्याला पैसा लागतो आणि वर्गणी थकवणारे थकवतात. पण ती जागा एकदा काँक्रीट झाली की विहिरीजवळ पाणी मुरायला वाव उरणार नाही. संध्याकाळी बायका जिथे बसतात, पोरं क्रिकेट खेळतात, दिवाळीनंतर मंडईच्या रात्री नाटक बघून आलेले लोक जिथे पहाटेपर्यंत गप्पा मारतात, ती जागा दुसऱ्यांच्या वरातीची होईल. भाडं खात्यात दिसेल. जे गेलं ते कुठल्याच ताळेबंदात दिसणार नाही.

माझी सूचना साधी आहे. जागा मोकळी ठेवा. जवळच्या घरांच्या स्लॅबचं पाणी गिट्टी-रेतीच्या गाळणखड्ड्यातून विहिरीत सोडा, बाकीच्या घरांनी आपापल्या अंगणात शोषखड्डा करा. खर्च वर्गणीतून. वर्गणीला नाक मुरडू नका. पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली उत्खनन झालं, तिथल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या स्तूपाच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मीत कोरलेली सापडली. म्हणजे या तालुक्यात वर्गणीची यादी लावायची पद्धत किती जुनी आहे, बघा!

शेवटचा मुद्दा. आपली पोरं नागपूर-पुण्याला गेली, काही परदेशात. बऱ्याच घरांना कुलूप आहे. ज्यांनी खडूची यादी पाहिली ते आता थोडेच उरलो. पोरांनी परत येऊन इथेच राहावं, असा माझा आग्रह नाही. पण वर्षातून एकदा सभेला या. भाडेकरूला नियम सांगा. आणि विहिरीचं मत देताना फक्त आपल्या बोअरचा विचार करू नका.

बरडीवर आज कडुलिंब, आंबे, सीताफळं उभी आहेत. ती आपोआप नाही आली. कोणीतरी आपल्या दोन गुंडांतला तांब्या तांब्या त्यांना घातला होता. आता सभेत काय करायचं, ते तुम्ही ठरवा. वेळ संपली, जेवण तयार आहे.

जय हिंद, जय महाराष्ट्र, जय सहकार!