पंचेचाळीस पैशांचा भाव



आपल्या गोंदिया जिल्ह्यात खरिपाच्या धानाचे चुकारे सगळ्यांच्या हाती पडेपर्यंत अनेकदा मार्च उजाडतो, आणि त्याच सुमारास आयपीएल सुरू होते. योगायोग खरा, पण सट्टेवाल्याच्या फार सोयीचा. जुलै २०२३ मध्ये नागपूर पोलिसांनी गोंदियातल्या एका घरावर छापा घालून कोट्यवधींची रोकड, सोने आणि चांदी जप्त केली, तेव्हा आपले गाव देशभरच्या बातम्यांत झळकले. ऑनलाइन जुगारात सुमारे ५८ कोटी रुपये गमावल्याची नागपूरच्या एका व्यापाऱ्याची तक्रार होती. त्या प्रकरणातला गुन्हा किती आणि कोणाचा, ते न्यायालय पाहील. मला बोलायचे आहे ते सावध माणसाविषयी. हा माणूस म्हणतो, ‘मी वाटेल तिथे पैसे फेकत नाही. फक्त फेवरिटवर लावतो, ठरलेली रक्कम लावतो, आणि इतके गेले की बंद.’ त्याला जुगारी म्हटले तर तो रागावेल, आणि त्याच्या बाजूने पाहिले तर त्याचा राग समजण्यासारखा आहे. माझे म्हणणे एवढेच, की त्याचे नियम तोटा किती वेगाने होईल ते ठरवतात. तोटा होईल की नफा, हे त्यांच्या हाती नसते. आणि पुष्कळदा तो वेगही त्यांच्या हाती राहत नाही.

आधी भाव कसा बांधला जातो ते पाहू. बुकी फेवरिट संघाचा भाव देतो, समजा ४५-४७ पैसे. फेवरिटवर एक लाख ‘लगाई’ केली, तर संघ जिंकल्यावर ४५ हजार मिळतात आणि हरल्यावर लाख जातात. दुसरा कोणी त्याच संघाविरुद्ध ‘खाई’ करतो. संघ जिंकला तर त्याचे ४७ हजार जातात, हरला तर त्याला लाख मिळतात. आता दोघांचा हिशेब बुकीच्या वहीत शेजारी-शेजारी मांडा. फेवरिट जिंकला, तर एकाकडून ४७ हजार घेऊन दुसऱ्याला ४५ हजार द्यायचे. दोन हजार शिल्लक. फेवरिट हरला, तर एकाचे लाख दुसऱ्याला, शिल्लक शून्य. दोन्ही बाजूंचे पैसे सारखे आले, की बुकीचे काही जात नाही. सामना कोण जिंकेल याच्याशी त्याला कर्तव्य नसते, वही बरोबरीत राहिली म्हणजे झाले.

लगाई करणाऱ्याचे काय? ४५ पैशांच्या भावात नुसती बरोबरी साधायलाही त्याचा संघ १०० पैकी ६९ सामने जिंकायला हवा. भाव २० पैशांवर आला, तर ८३ जिंकूनही तो किंचित खालीच असतो. फेवरिट जास्त वेळा जिंकतो, हे अगदी खरे आहे. पण ते बुकीला माहीत आहे, टपरीवरच्या पोराला माहीत आहे, म्हणून तर भाव ४५ पैसे आहे. खात्रीची किंमत भावात आधीच कापून घेतलेली असते, आणि आपला सावध माणूस तीच खात्री दुसऱ्यांदा मोजू पाहतो. २०२३ च्या विश्वचषकात भारत ओळीने दहा सामने जिंकून अंतिम फेरीत आला. १९ नोव्हेंबरला अहमदाबादेत २४० धावांत गारद झाला, ट्रॅव्हिस हेडने १३७ धावा केल्या आणि ऑस्ट्रेलियाने सहा गडी राखून चषक नेला. त्या दिवशी भारताला फेवरिट मानणारा मूर्ख नव्हता. त्याचा अंदाज रास्तच होता, पण रास्त अंदाजावर नफा मिळत नाही. नफा हवा तर अंदाज भावापेक्षा सरस लागतो.

याला अभ्यासाचाही आधार आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आर. एम. ग्रिफिथ यांनी १९४९ मध्ये घोड्यांच्या शर्यतींचे आकडे तपासले, आणि पुढे अनेकांनी तेच पडताळून पाहिले. जिंकण्याची शक्यता कमी असलेल्या घोड्यावर लोक वाजवीपेक्षा जास्त पैसे लावतात, फेवरिटवर कमी. म्हणजे फेवरिटवाला तुलनेने शहाणा ठरतो. मात्र रेसकोर्सची कपात वजा केली, की त्याच्या शहाणपणाचे फळ बहुधा एवढेच उरते, की तो इतरांपेक्षा कमी हरतो.

‘पण रक्कम ठरवून लावली तर?’ ठरलेली रक्कम हा नियम म्हणून वाईट नाही. पण तो कुठे मोडतो ते पाहा. हजार गेले की भरून काढायला त्याच भावात २,२२२ लावावे लागतात. तेही गेले तर ७,१६० लागतात, आणि तेही बुडाले तर २३ हजारांवर. चार हार लागोपाठ झाल्या, की हजाराचे साडेतेहेतीस हजार झाले. १०० पैकी ६९ जिंकणारा संघ धरला, तरी सुरू केलेल्या अशा सुमारे १०८ साखळ्यांत एक पूर्ण बुडते. आणि आयपीएलच्या एका हंगामात सामने ७४ असतात. लोक शिस्तीसाठी ज्या सूत्राचा दाखला देतात, ते १९५६ मध्ये बेल लॅब्जच्या जे. एल. केली यांनी मांडलेले सूत्र तर याहून कठोर आहे. भावापेक्षा तुमची माहिती जितकी सरस, तितकाच हिस्सा लावा, असे ते सांगते. सरसपणा शून्य असेल, तर लावायची रक्कमही शून्य.

यापुढचा प्रश्न गणिताचा नाही. नियम करणारा आणि नियम पाळून घेणारा माणूस एकच असतो, आणि नियमाची गरज पडते तेव्हा तो सगळ्यात हळवा असतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या अक्षसूक्तात हेच आहे: आता खेळायचे नाही, सोबत्यांबरोबर जायचे नाही, असे जुगारी मनाशी ठरवतो, आणि फासे खुळखुळल्याचा आवाज येताच निघतो. त्याला निदान घरातून उठून जावे लागत होते. आता सट्टा खेळायची आयडी व्हॉट्सअॅपवर येते आणि पैसे आधी न भरताही खाते चालू होते. नागपूरच्या त्या तक्रारीतही सुरुवात खात्यात आयती जमा झालेल्या आठ लाखांपासून झाली, असे सांगितले गेले. खिशातली रक्कम संपते तेव्हा हात आपोआप थांबतो. उधारीला असा तळ नसतो. ‘इतके गेले की बंद’ हा नियम उधारीच्या खात्यावर लावायचा कुठे?

कोणी म्हणेल, महाभारतातल्या नळानेही फाशांत सगळे हरून परत जिंकलेच की. हा आक्षेप विदर्भात तरी गंभीरपणे घ्यायला हवा, कारण जिंकण्याची विद्या त्याला विदर्भाच्या राजधानीच्या, कुंडिनपुराच्या वाटेवर मिळाली. राजा ऋतुपर्णाने बेहड्याच्या झाडाची पाने-फळे उभ्या-उभ्या मोजून दाखवली आणि नळाला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, शिकवले. (नागझिऱ्याच्या जंगलात हेच झाड पुष्कळ दिसते, जुने फासे त्याच्याच फळांचे.) कौशल्य असते, हे मान्यच. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ म्हटले आहे. पण नळासमोर त्याचा भाऊ पुष्कर होता, एकटा माणूस. मधे दोन पैसे कापणारा कोणी नव्हता. शिवाय नळाला जिंकलेले राज्य मिळाले. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याचे कलम ३० पैजेचा करार रद्दबातल धरते, त्यामुळे जिंकलेली रक्कम बुकीने दिली नाही, तर ती मागायला कोर्टात जाता येत नाही. ज्या बाजारात रीतसर नोंदी राहतात तिथले आकडेही पाहा. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात शेअर बाजारातल्या वायदे-पर्यायांत उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तीन वर्षांत तोट्यात निघाले. त्यांच्यातही स्टॉप-लॉस, म्हणजे ‘इतके गेले की बंद’, लावणारे असतीलच. सट्ट्याच्या वहीचा असा अहवाल कोणी छापत नाही.

शेवटचा आक्षेप मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो: ‘सिनेमाला घालवतो तसे पाचशे रुपये घालवले, तर तुमचे काय गेले?’ गणिताने याला उत्तर नाही. गेले असे धरूनच लावलेल्या पैशात फसगत होत नाही. पण मग जिंकलेले आठवडाभर मिरवता कामा नये, आणि हरल्यावर दुसऱ्या डावाचा भाव विचारता कामा नये. तिकिटाचे पैसे कोणी पुढच्या खेळात वसूल करायला जात नाही. शिवाय २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले आहेत. त्या कायद्यात शिक्षा खेळणाऱ्याला नाही, चालवणाऱ्याला आहे, म्हणजे समोरचा माणूस आरंभापासूनच कायद्याबाहेरचा असतो. एवढे कळूनही ज्याला नियम हवाच असेल, त्याने तो स्वतःच्या हातात ठेवू नये. चुकारे जमा होणाऱ्या खात्याला यूपीआय न जोडता ठेवता येते, जोडले असेल तर रोजची मर्यादा खाली आणता येते, खाते बायकोसोबत दोघांच्या सहीचे करता येते. बँकेतले हे काम अर्ध्या दिवसाचे आहे, आणि ते मळणी चालू असतानाच उरकलेले बरे. टॉस झाल्यावर बँक बंद असते आणि आयडी चालू.