हातचा कुठे जातो?

(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आज सकाळी सातवीच्या वर्गाशी संगणकशास्त्रावर तासभर बोलण्याची संधी मला मिळाली. प्रश्न बहुतेक अपेक्षितच होते. मात्र मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "सर, संगणक बेरीज करतो तेव्हा हातचा कुठे ठेवतो? त्याला तर हातच नाहीत." वर्ग हसला. मला हसू आले नाही, कारण जवळजवळ हाच प्रश्न मनात घेऊन मी एकदा गप्प बसलो होतो.

या शाळेतून बाहेर पडून मी अभियांत्रिकी महाविद्यालयात गेलो. फळ्यावर बेरजेचे विद्युतमंडल काढीत प्राध्यापक सारखे 'कॅरी', 'कॅरी' म्हणत. तो आपला हातचाच, हे उमगायला मला दोन आठवडे लागले. उमगल्यावर लगेच शंका आली : शेवटच्या घरातही हातचा उरला तर त्याचे काय होते? परंतु इंग्रजी वाक्य मनात जुळेपर्यंत तास संपून जाई. चार वर्षांत मी तो प्रश्न विचारला नाही.

मराठी माध्यमातील मूल संगणकात मागे पडेल का, असे अनेक पालक मला विचारतात. माझे खरे नुकसान त्या दोन आठवड्यांचे नव्हे, त्या मौनाचे झाले. इंग्रजी शिकावेच लागते, त्याविषयी माझे दुमत नाही. पण हातचा म्हणजे काय हे मला आधी ठाऊक होते, आणि ते याच शाळेतल्या बाईंनी काड्यांच्या जुड्या बांधून शिकवले होते.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळतो. संगणकापाशी दोनच अंक, शून्य आणि एक. एक अधिक एक झाले की शून्य लिहायचे आणि हातचा एक. हे काम करणारी छोटी मंडले ओळीने मांडलेली असतात आणि प्रत्येक मंडल आपला हातचा तारेवरून डावीकडच्या शेजाऱ्याला देते. अडचण अशी की पंगतीत शेवटच्या पानावर बसलेल्यासारखे शेवटच्या घराला ताटकळावे लागते. म्हणून हातचे आधीच हेरून ठेवणारी मंडले प्रोसेसरमध्ये बसवतात. चार्ल्स बॅबेज यांनी १८३०च्या दशकात, वीज नसताना, केवळ दातेरी चाकांच्या यंत्रासाठी हीच युक्ती योजली होती!

आणि शेवटचा हातचा? समजा घरे बत्तीस आहेत : एकतीस संख्येसाठी, बत्तिसावे धन-ऋण चिन्हासाठी. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७. तीत एक मिळवा. एकतिसाव्या घरातला हातचा चिन्हाच्या घरात शिरतो आणि उत्तर एकदम ऋण होते. असे घडल्याची नोंद बहुतेक प्रोसेसर एका वेगळ्या खुणेत करून ठेवतो. ती खूण पाहायची की नाही, हे आज्ञावली लिहिणाऱ्यावर. पुष्कळदा ती कोणी पाहत नाही.

याचा फटका कोठे बसावा? शब्दकोशात शब्द शोधताना आपण कोश मध्यावर उघडतो, शब्द अलीकडे की पलीकडे ते पाहतो आणि उरलेल्या अर्ध्याचा पुन्हा मध्य काढतो. हजार पानांतून दहा खेपांत हवे ते पान सापडते. कोश अकारविल्हे लावलेला असतो, म्हणूनच हे साधते. संगणकशास्त्रात क्रम लावण्याला एवढे महत्त्व आहे ते यासाठी. मध्य काढायचा तर पहिला आणि शेवटचा क्रमांक मिळवून दोनाने भागायचे. यात चुकण्यासारखे काय आहे?

जॉन बेंटली यांच्या गाजलेल्या पुस्तकात ही रीत अचूक असल्याची सिद्धताही दिली होती. जून २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी जाहीरपणे लिहिले की तिच्यात चूक आहे, आणि जावा भाषेसाठी त्यांनी स्वतः लिहिलेल्या शोधपद्धतीतही ती सुमारे नऊ वर्षे दडून होती. यादी शंभर कोटींच्या पुढे गेली की त्या बेरजेचा हातचा चिन्हाच्या घरात जातो आणि मध्य ऋण येतो. यादीचे दोन भाग पाडून क्रम लावण्याच्या पद्धतीलाही हाच दोष लागतो. पूर्वी एवढ्या मोठ्या याद्या संगणकात मावतच नसत, म्हणून कोणाच्या ध्यानात आले नाही. उपाय सातवीच्या गणिताचा आहे : दोन क्रमांकांतील फरक काढा, त्याचे अर्धे करा, ते पहिल्या क्रमांकात मिळवा. बेरीज घराबाहेर जातच नाही. स्वतःची चूक ब्लॉक यांनी अशी चव्हाट्यावर मांडली, याचे मला त्या दोषाहून अधिक अप्रूप वाटते.

सकाळी हे सारे सांगण्याआधीच घंटा झाली. व्हरांड्यात ती मुलगी पुन्हा आडवी आली. म्हणाली, "आणि सर, वजाबाकीतला उसना? तो त्याला कोण देतो?" मुख्याध्यापिकाबाईंनी मला उद्याचा पहिला तास दिला आहे.